मराठवाड्याचे मुक्तिदाते संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ



मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत एक चरित्र घालावे असे समितीने ठरविले, तेव्हा देवळाच्या पुस्तकात राजकारणातल्या माणसाचे काय काम, अशी शंका काहींनी काढली. शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर असे की, ज्यांचे हे चरित्र आहे ते भगवी वस्त्रे धारण केलेले संन्यासी होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ऐंशी वर्षांपूर्वी हेच काम काढावयाचे तर आपणांस आधी निजाम सरकारच्या धर्मखात्याच्या दाराशी परवानगीसाठी तिष्ठत बसावे लागले असते. आज आपण वर्गणी गोळा केली, मुहूर्त पाहिला, गवंडी बोलाविले आणि पाया खणला. कोणाला विचारावे लागले नाही. ही मोकळीक आपणांस कोणी मिळवून दिली, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थान केवढे, तर सुमारे 82 हजार चौरस मैलांचे, सोळा जिल्ह्यांचे. त्यात तेलंगण होते, कानडी मुलूख होता आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे आपले पाच मराठी जिल्हे होते. रयतेची भाषा मराठी, पण तहसिलीचा कागद उर्दूत. चलन हाली शिक्क्याचे. मालावर करोडगिरी नाक्यांवर जकात. सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी, कारण 53 क्रमांकाची गश्ती जारी होती. या गश्ती निशाण त्रेपन्नचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी पुढेही कित्येक वर्षे होते. वाचनालय काढले तरी पोलिसांची नजर, आखाडा काढला तरी चौकशी. पंचक्रोशी ओलांडून इंग्रजी मुलखात गेले तर तिथे काँग्रेसच्या सभा भरत, वर्तमानपत्रे निघत. आणि आपल्याकडे सगळे चिडीचूप. इंग्रजांची एक गुलामगिरी, तिच्या पोटात ही दुसरी.

अशा मुलखात स्वामीजी आले ते राज्य उलथविण्यासाठी नव्हे. ते आले शाळामास्तर म्हणून.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथला. सोळा वर्षांचे असताना, 1920 साली लोकमान्य टिळक निवर्तले. त्या वेळी या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. अशा प्रतिज्ञा त्या वयात पुष्कळ जण करतात. यांनी ती बावन्न वर्षे पाळली, एवढाच फरक. असहकाराच्या हाकेला ओ देऊन ते सरकारी शाळेतून बाहेर पडले आणि अमळनेरला व पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षण घेतले. त्यानंतर काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी तेथे जवळून पाहिले. हा माणूस पुढे संन्यासी झाला तरी जमीन, मजुरी आणि कूळ या गोष्टी त्याच्या डोक्यातून कधी गेल्या नाहीत, याचे मूळ तेथे असावे असे वाटते.

1929 साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. ही शाळा 1921 साली निघालेली, खेडेगावातली, लोकांच्या मदतीवर चालणारी. तेथेच 14 जानेवारी 1932 रोजी, संक्रांतीच्या सुमारास, त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतला हा संन्यास. व्यंकटेश खेडगीकर गेले आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. आपल्याकडे संन्यास म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मठ येतो, नाही तर हिमालय येतो. स्वामीजी संन्यास घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर गेले असावेत, असेच त्यांचे पुढचे वागणे पाहून म्हणावे लागते. 1935 साली ते अंबाजोगाईस आले, त्या वेळी तिला मोमिनाबाद म्हणत, आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी बरोबर होते. योगेश्वरी देवीच्या गावातील त्या शाळेतून जी मुले बाहेर पडली, त्यांतील कित्येक पुढे तुरुंगात त्यांच्या शेजारच्या कोठडीत होती.

मुलांना शिकवून मुलूख मोकळा होणार नाही, हे त्यांना लवकरच उमजले. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परिषदेच्या मागण्या आज वाचल्या तर कोणाला वाटेल, यात भिण्यासारखे काय होते? मातृभाषेतून शिक्षण, सभास्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती. पण सरकार भ्यायले. 1938 च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याच्या आतच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. 24 तारखेस गोविंदराव नानल यांची पहिली तुकडी निघाली आणि 27 तारखेस स्वामीजी स्वतः सत्याग्रहात उतरून अटकेत गेले. शाळा सुटली ती कायमची.

आपल्या जिल्ह्याने त्या साली काय केले, तेही सांगितले पाहिजे. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. सरकारने मनाई केली, मुले ऐकेनात. ही ठिणगी हैदराबादेपर्यंत गेली आणि शेकडो मुलांची नावे कॉलेजातून कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. त्या नागपूरला गेलेल्या मुलांत तेलंगणातले एक पी. व्ही. नरसिंह राव होते. ते 1991 साली देशाचे पंतप्रधान झाले आणि स्वामीजींना ते अखेरपर्यंत गुरुस्थानी मानीत. ज्यांना शिक्षण अर्धवट सोडून घरी बसावे लागले, ज्यांच्या बापाने मार दिला, ज्यांची नोकरी हुकली, त्यांची नावे मात्र कोणी मांडून ठेवली नाहीत.

स्वामीजींचे तुरुंग सांगावयाचे तर यादीच होईल. 1938, मग 1940 चा वैयक्तिक सत्याग्रह, मग 1942. मधल्या काळात ते खेडोपाडी हिंडत. 1946 साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. त्याच साली बिलोली भागात गोविंदराव पानसरे यांची वाटेत गाठून हत्या करण्यात आली. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. 1947 च्या जूनमध्ये इंग्रज जाणार हे नक्की होताच निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण स्वतंत्र राहणार असा फर्मान काढला. त्याच महिन्यात हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले आणि संस्थान हिंदी संघराज्यात सामील झालेच पाहिजे, हे त्यांनी निजामाच्या राजधानीत बसून जाहीर केले. 7 ऑगस्टला लढ्याला आरंभ झाला. 15 ऑगस्ट 1947 रोजी सगळा देश पेढे वाटत असताना स्वामीजींनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकविला आणि ते पकडले गेले.

देश स्वतंत्र झाला, मराठवाडा राहिला. पुढचे तेरा महिने या मुलखाने जे भोगले ते सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. लातूरचे वकील कासिम रझवी हे रझाकारांचे म्होरके. रझाकारांच्या टोळ्या गावांवर चालून येत. धान्य पेवांत दडवावे, बायकामुले सरहद्दीपलीकडच्या नातलगांकडे धाडावीत आणि पुरुषांनी रात्री घरात न निजता ज्वारीच्या शेतात निजावे, असे दिवस होते.

नोव्हेंबर 1947 मध्ये हिंदुस्थान सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि स्वामीजी सुटले. पण दोन महिन्यांच्या आतच, 26 जानेवारी 1948 रोजी, त्यांना पुन्हा उचलण्यात आले. लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे गेली. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी आपल्या भागातील तरुण मंडळी त्या कामात अहोरात्र होती. मनमाड, उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी सरहद्दीलगत शिबिरे होती. तेथून रात्री निघावे, करोडगिरी नाका जाळावा, शिंदीची झाडे तोडावीत, पोलिस चौकीवर छापा घालावा आणि उजाडण्याच्या आत परत फिरावे. 30 जानेवारी 1948 रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची सरकारी बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी नेण्यात आले.

येथे एक अवघड प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. स्वामीजी गांधीजींचे अनुयायी, अहिंसेचे उपासक. मग ही शिबिरे, बंदुका आणि बाँब यांचे काय? त्यांनी स्वतः कधी शस्त्र धरले नाही. पण घरेदारे जळत असताना ज्यांनी बंदूक उचलली त्यांच्याशी त्यांनी नातेही तोडले नाही. साधुत्वाला डाग लागू नये म्हणून सोबत्यांना दूर लोटणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही, आणि प्रस्तुत लेखकास त्यांची ही गोष्ट तुरुंगवासापेक्षाही मोठी वाटते.

त्या सोबत्यांपैकी किती जणांची नावे घ्यावीत! वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे लढता लढता पडले. जालन्याचे जनार्दन मामा मारले गेले; त्यांच्या नावाचा चौक जालन्यात आहे, तेथून आपण बाजाराला जाताना किती वेळा गेलो असू. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके तर शेतकऱ्याघरची बाई. शस्त्र चालवावयास शिकल्या आणि निरोप, हत्यारे पोचविण्यापासून प्रत्यक्ष हल्ल्यापर्यंत सगळे केले. आणि हैदराबादेत शोएबुल्ला खान होते. उर्दू दैनिक इमरोझचे हे तरुण संपादक मुसलमान असूनही, किंवा सच्चे मुसलमान असल्यामुळेच म्हणा, संस्थान हिंदुस्थानात विलीन व्हावे असे उघड लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी होता असे जे समजतात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे हिंदी सैन्य संस्थानात शिरले. लोक याला पोलिस अ‍ॅक्शन म्हणतात; प्रत्यक्षात ती रणगाड्यांनिशी केलेली लष्करी मोहीम होती. सरदार पटेलांनी निर्णयाचा आग्रह धरला होता. मुख्य फौज जनरल चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली. आपल्या बाजूने जनरल ब्रार यांचे सैन्य आले आणि दोन-तीन दिवसांच्या आत दौलताबाद, औरंगाबाद, जालना हाती आले. औरंगाबाद शहराने फार प्रतिकार केला नाही; जालन्यास मात्र चकमक झडली.

सोलापूरच्या वाटेवर नळदुर्ग लागते. तेथे पहिल्याच दिवशी शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग मारले गेले. पंजाबातील लोपो गावचा हा शेतकऱ्यांच्या मुलखातला जवान. मांडीत गोळ्या लागल्या असताना तो सरपटत पुढे गेला आणि शत्रूच्या ठाण्यावर त्याने हातबाँब टाकले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तिकडे तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर गुरखा पलटणीचे नरबहादूर थापा खुकरी घेऊन शत्रूच्या ठाण्यात घुसले व पूल वाचविला. त्यांनाही अशोकचक्र मिळाले. विचार करा, लोपोच्या माणसाला मराठवाडा कुठे आहे हे तरी ठाऊक असेल का? त्याला ना येथली भाषा येत होती, ना येथली ज्वारीची भाकरी त्याने कधी खाल्ली होती. तरी त्याचे रक्त आपल्या बोरी नदीच्या काठी सांडले.

आपल्याकडे या बाबतीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सैन्याने पाच दिवसांत काम केले, बाकीच्यांनी नुसते झेंडे नाचविले. दुसरा म्हणतो, जनतेने दहा वर्षे लढून निजामाचा पाया खिळखिळा केला होता, सैन्य आयत्या वेळी आले. पारावर हा वाद अनेकदा ऐकला आहे. दोन्ही पक्ष एकेका ऋणातून सुटू पाहतात, दुसरे काही नाही. सत्याग्रहींनी आणि शिबिरातल्या पोरांनी हा मुलूख आपला आहे हे जगाला दाखविले नसते, तर दिल्लीला फौज धाडण्याचे कारण सांगता आले नसते. आणि फौज आली नसती तर त्या पोरांना रझाकारांनी टिपून मारले असते. वाड्याचे छत खांबांवर असते की तुळयांवर, असे विचारण्यासारखे हे आहे.

17 सप्टेंबरला सायंकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती एल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्र खाली ठेवले आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. त्या दिवसांत काही ठिकाणी रझाकारांचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविण्यात आला, हेही खरे आहे आणि ते लपवून मुक्तीचा इतिहास पुरा होत नाही. सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी मंडळ पाठविले होते, यावरून प्रकार किती गंभीर होता ते कळावे.

पुढे सत्ता आली. ज्याने राजा खाली आणला त्याने गादीवर बसावे, असे जगात सहसा घडते. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. पक्षातल्या मतभेदांचा त्यांना त्रासही पुष्कळ झाला. ते 1952 साली गुलबर्ग्याहून आणि 1957 साली आपल्या औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, एवढेच काय ते पद. परंतु लक्ष कशावर, तर कसणाऱ्याच्या जमिनीवर. जहागिरी 1949 साली बरखास्त झाल्या, 1950 साली कूळकायदा आला. आपल्या शिवारातील कित्येक सात-बारांचे मूळ त्या कायद्यात आहे. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी काढून पाहावेत. 1950 साली त्यांनी नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे पीपल्स कॉलेज उभे केले. संस्थानाचे भाषावार तुकडे करून मराठी जिल्हे महाराष्ट्राला जोडावेत, असा त्यांचा आग्रह होता. वास्तविक, ज्या राज्यात त्यांचा शब्द चालला असता तेच राज्य मोडावे असे ते म्हणत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात.

22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत स्वामीजींनी देह ठेवला. मागे ना घर, ना शेत, ना वारस. 1994 साली नांदेडला जे विद्यापीठ झाले त्यास त्यांचे नाव आहे, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासही आहे. छत्रपती संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी दर साल 17 सप्टेंबरला मानवंदना होते. त्यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठेस आहे. गावातून दर वर्षी तिरुपतीस आणि श्रीशैलास जाणारी मंडळी हैदराबादवरून जातात. गाडी बदलण्याच्या वेळात तेथे सहज जाऊन येता येते.

जाता जाता समितीची एक सूचना. सभामंडपात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसविली आहे. तिच्या समोरच्या, उत्तरेकडील भिंतीवर तेवढीच जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. आपल्या गावातून 1938 च्या किंवा 1947-48 च्या लढ्यात कोणी तुरुंगात गेले असेल, सरहद्दीच्या शिबिरात राहिले असेल, कोणी मारले गेले असेल, किंवा ज्या घराने फरारी कार्यकर्त्याला माळवदावर लपवून रात्रीची भाकरी दिली असेल, त्यांची नावे आम्हांस हवी आहेत. जात, धर्म विचारावयाचा नाही. कागदपत्र असल्यास उत्तम. नसल्यास गावातील दोन वडीलधाऱ्या माणसांची साक्ष पुरे. नावे येत्या 17 सप्टेंबरपूर्वी मंदिराच्या पुजाऱ्यांपाशी लिहून द्यावीत. पाटीचा खर्च समितीने आधीच बाजूला काढून ठेवला आहे, त्यासाठी वेगळी वर्गणी मागितली जाणार नाही.